तिरळा डोळा : भाग्याचा नव्हे, दवाखान्याचा विषय

२०१६ सालच्या वैशाख पौर्णिमेची गोष्ट. आमच्या वस्तीतील विहारात बुद्धवंदना आटोपली आणि खीरदान सुरू झाले. मोठ्या पातेल्यापाशी कार्यकर्ते होते, पण मुलांनाही सेवेची सवय लागावी म्हणून छोट्या बादल्यांतून खीर वाढण्याचे काम आम्ही पाच-सहा मुलांकडे दिले. डाव कोणाच्या द्रोणाला लावायचा नाही, जरा वरून सोडायची, अशी स्वच्छतेची सूचनाही आम्हीच दिली. त्या मुलांत आमचा भाचा होता, वय वर्षे सहा. पहिल्याच रांगेत त्याने डावभर खीर एका आजीबाईंच्या पांढऱ्या लुगड्यावर ओतली. पुढच्या द्रोणाच्या वेळी निम्मी सतरंजीवर गेली. तिसऱ्या वेळी आम्ही त्याच्या हातातला डाव काढून घेतला आणि चारचौघांत ओरडलो, "डोळे फुटले का तुझे? समोरचा द्रोण दिसत नाही?"

पोराने मान खाली घातली आणि म्हणाला, "मामा, मी द्रोणातच ओतली होती."

आम्हाला तो बहाणा वाटला. पण पोर खरे तेच सांगत होते. द्रोण जिथे आहे असे त्याला वाटले तिथेच त्याने खीर ओतली होती. द्रोण तिथून चार बोटे पलीकडे होता. हे आम्हाला समजायला पुढे दोन महिने लागले, आणि समजले तेव्हा आपण भर विहारात काय बोलून गेलो याची लाज वाटली. म्हणून हा लेखप्रपंच.

भाच्याचा डावा डोळा तो अडीच-तीन वर्षांचा असल्यापासून नाकाकडे वळत असे. आधी फक्त दमल्यावर, मग हळूहळू नेहमीच. घरात सर्वांना ते दिसत होते. बहिणीच्या सासूबाई म्हणत, "थोडा तिरळा डोळा भाग्याचा असतो, हात लावू नका." कोणी म्हणे, पोटुशी असताना ग्रहण पाहिले असेल. आम्ही बावीस प्रतिज्ञांच्या घरात वाढलो, अंधश्रद्धेवर भाषणे करतो, त्यामुळे भाग्य आणि ग्रहण या दोन्हींना आम्ही हसत होतो. पण "मोठा झाला की आपोआप सरळ होईल" हे मात्र आम्हीही बहिणीला सांगत होतो, आणि ते कशाच्या आधारावर, हे आम्हाला कोणी विचारले असते तर उत्तर नव्हते. अंधश्रद्धा काही फक्त लिंबू-मिरचीतच नसते.

वस्तीतली पोरे त्याला 'चकण्या' म्हणत. क्रिकेटमध्ये त्याला कोणी घेत नसे, कारण झेल त्याच्या हाताशी येऊन छातीवर आदळे. जिन्यावरून उतरताना तो भिंतीला हात लावून उतरे, म्हणून 'भित्रा'. पाणी सांडतो म्हणून 'वेंधळा'. शाळेत अक्षर ओळीवर बसत नाही म्हणून 'आळशी'. एका डोळ्यापायी एवढ्याशा पोराला चार नावे पडली होती. दुसऱ्याने ठेवलेल्या नावाने हाक मारली की माणसाचे काय होते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको; आपल्या आजा-पणजांनी गावात ते भोगले आहे. तरीही आपल्याच गल्लीत आपलीच पोरे तेच करतात आणि आपण ऐकून सोडून देतो.

खरा प्रकार ओळखला तो विहारात येणाऱ्या एका परिचारिका ताईंनी. आषाढ पौर्णिमेला वर्षावासाचा ग्रंथवाचनाचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्यांनी भाच्याला जवळ बोलावले. आपल्या हातातले पेन उभे धरले आणि टोपण त्याच्या हाती देऊन म्हणाल्या, "याला घाल बरं वरून." पोराने टोपण नेमके पेनाच्या अलीकडे खाली आणले. पुन्हा केले तर पलीकडे गेले. मग त्याने दुसऱ्या हाताने पेन चाचपले आणि टोपण बसवले. ताई आम्हाला म्हणाल्या, "दादा, पोरगा वेंधळा नाही. याचे दोन डोळे मिळून काम करत नाहीत. उद्याच्या उद्या दवाखान्यात न्या."

पालिकेच्या रुग्णालयात केसपेपर काढला. बाहुली मोठी करण्याचे औषध घालून तपासणी झाली. निघाले असे की, दोन्ही डोळ्यांना मोठा प्लसचा नंबर आहे, डाव्याला जास्त. असा नंबर असलेल्या मुलाला स्पष्ट दिसण्यासाठी डोळ्यांवर फार जोर द्यावा लागतो आणि त्या जोरात डोळे आत वळतात. तिरळेपणाचे हे एक नेहमीचे कारण आहे आणि ते बहुधा दोन-तीन वर्षांच्या वयात दिसू लागते. बाकी कारणे पुष्कळ आहेत. काही मुलांना जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांतच होतो, काहींचा डोळा आत न वळता बाहेर जातो, काहींच्या घराण्यातच असतो. शंभर मुलांत दोन ते चार मुलांना तो असतो, म्हणजे साठ मुलांच्या वर्गात एक-दोन तरी निघायचेच.

तेथे तिरळेपणाची तपासणी करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी आम्हाला जे समजावले ते वाचकांनी आत्ताच करून पाहावे. हाताचा अंगठा नाकासमोर वीतभर अंतरावर धरा. एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो. आता हात लांब करून तेच करा. उडी लहान होते. आपल्या दोन डोळ्यांमध्ये साधारण सहा सेंटिमीटरचे अंतर आहे, त्यामुळे दोन्ही डोळे एकाच वस्तूचे किंचित वेगळे चित्र मेंदूकडे पाठवतात. वस्तू जवळ असेल तर फरक मोठा, लांब असेल तर लहान. मेंदू त्या फरकावरून वस्तू किती अंतरावर आहे ते क्षणात काढतो. आम्ही कारकून माणसे. आमच्याकडे दोन वह्यांत फरक आला की चूक शोधत रात्र जाते. मेंदूच्या हिशेबात मात्र तो फरक हीच खरी जमा. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने ही गोष्ट १८३८ साली दोन आरसे आणि दोन चित्रे घेऊन सिद्ध केली.

आता एक डोळा नाकाकडे वळला तर काय होईल? दोन चित्रे किंचित वेगळी राहत नाहीत, पार वेगळ्या जागांची होतात. मोठ्या माणसाला असे अचानक झाले तर एकाच्या दोन वस्तू दिसतात. टायगर पतौडींचे उदाहरण क्रिकेटप्रेमींना ठाऊक असेल. १ जुलै १९६१ रोजी इंग्लंडात मोटार अपघातात त्यांचा उजवा डोळा जायबंदी झाला. त्यानंतर ते पुन्हा खेळायला उतरले तेव्हा त्यांना दोन चेंडू दिसत, आणि त्यातला आतला चेंडू खरा मानून ते फटका मारत. पेल्यात पाणी ओतायला गेले तर ते टेबलावर सांडे, सिगारेट पेटवायला गेले तर काडी भलतीकडे जाई. तरी पुढच्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते भारताचे कप्तान झाले. पतौडींना दोन डोळ्यांनी अंतर कसे दिसते हे वीस वर्षे माहीत होते. जे हरवले ते काय, हे ते सांगू शकत होते.

लहान मुलाचे तसे नसते. त्याचा मेंदू अजून घडत असतो. दोन-दोन चित्रांचा गोंधळ नको म्हणून तो वळलेल्या डोळ्याचे चित्र बघणेच बंद करतो. डोळा उघडा असतो, निरोगी असतो, पण त्याचा निरोप वाचलाच जात नाही. असे वर्षानुवर्षे चालले की त्या डोळ्याची नजर कमी होते. याला 'आळशी डोळा' म्हणतात, आणि मग नुसता चष्मा लावूनही त्याने पूर्ण दिसत नाही. काही मुलांत मेंदू वेगळीच तडजोड करतो, वाकड्या डोळ्याची 'समोर' ही दिशाच बदलून घेतो. दोन्ही तऱ्हांत मुलाची तक्रार काहीच नसते. त्याला विचारा, तो म्हणेल, मला नीट दिसते. त्याला दुसरे कसले दिसणे ठाऊकच नसते! "मी द्रोणातच ओतली होती" याचा अर्थ आम्हाला त्या खोलीत कळला.

मग अशी मुले चालतात-फिरतात कशी? एका डोळ्यालाही अंतराच्या पुष्कळ खुणा कळतात. जवळची वस्तू लांबच्या वस्तूला झाकते, सावली पडते, लांबचा माणूस लहान दिसतो, गाडीच्या खिडकीतून जवळचे खांब भराभर मागे जातात आणि डोंगर सावकाश. डोके थोडे हलवले की यातले बरेच समजते. शिवाय हाताचा स्पर्श आहेच. भाचा घरी पेल्याच्या काठाला तांब्या टेकवूनच पाणी ओतत असे, हे बहिणीने नंतर आठवून सांगितले. विहारात मात्र आम्ही डाव द्रोणाला लावायला बंदी केली होती. म्हणजे त्याची काठी आम्हीच काढून घेतली आणि वर पडलास म्हणून ओरडलो. अडचण येते ती हाताच्या टप्प्यातल्या, घाईच्या आणि नेमकेपणाच्या कामात. सुईत दोरा ओवणे, झेल घेणे, जिन्याची शेवटची पायरी, फलाट आणि लोकलच्या डब्यामधली फट. अशा मुलांचे हात संशोधकांनी तपासले, तेव्हा ती वस्तू उचलायला जास्त वेळ घेतात, बोटे अंदाजाने उघडतात आणि स्पर्श झाल्यावर चूक सुधारतात, असे आढळले.

आणखी एक तपासणी आम्हाला विसरता येत नाही. एक जाड पुस्तिका होती, तिच्यावर भल्यामोठ्या माशीचे चित्र. एक खास काळसर चष्मा घालून ते पाहायचे आणि माशीचे पंख चिमटीत धरायचे. आम्ही पाहिले तर माशी कागदातून वर उठलेली, आम्ही चक्क हात मागे घेतला. आमची चिमूट कागदापासून दोन-तीन बोटे वर हवेत मिटली. भाच्याने चष्मा घातला आणि बोटे सरळ कागदावर टेकवली. त्याच्यासाठी ते साधे चित्र होते.

एवढे वाचून कोणी म्हणेल की मग शस्त्रक्रिया करून डोळा सरळ केला की झाले. इतके सोपे ते नाही. अमेरिकेतील सुसान बॅरी या मज्जाशास्त्राच्या प्राध्यापक बाईंना तान्हेपणापासून तिरळेपणा होता. दोन, तीन आणि सात वर्षांच्या वयात तीन शस्त्रक्रिया झाल्या, डोळे दिसायला सरळ झाले, घरच्यांना वाटले काम झाले. पुढे महाविद्यालयात डोळे आणि मेंदू यांवरचे व्याख्यान ऐकताना त्यांना प्रथम कळले की इतरांना दिसते ती खोली आपल्याला दिसतच नाही. त्या व्याख्यानात डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांच्या प्रयोगांची माहिती होती. या दोघांनी मांजरीच्या पिल्लांचा डोळा लहानपणीच तिरळा केला, तर मेंदूत दोन्ही डोळ्यांना दाद देणाऱ्या पेशी फार थोड्या उरल्या. मेंदूच्या दृष्टिकेंद्रावरील संशोधनासाठी त्यांना १९८१ साली नोबेल मिळाले. त्यावरून सर्वांनी धरले की बालपण गेले की हे दार बंद. बॅरीबाईंना मात्र अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, २००२ साली, तज्ज्ञांकडून दीर्घ सराव केल्यावर खोली दिसू लागली. मोटारीचे स्टिअरिंगचे चाक आपल्या जागी वेगळे, पुढे आलेले दिसले, आणि नंतर बर्फ पडताना प्रत्येक कण वेगळ्या अंतरावर तरंगताना दिसला तेव्हा त्या हरखून गेल्या. ऑलिव्हर सॅक्स या डॉक्टर-लेखकाने २००६ साली त्यांच्यावर लिहिले, २००९ साली त्यांचे स्वतःचे पुस्तक आले. दार अगदीच कुलूपबंद नसते, हे त्यांनी दाखवले. पण ही वाट थोड्यांनाच साधते, आणि तिचा आधार घेऊन मुलाचे उपचार पुढे ढकलणे म्हणजे मूर्खपणा. 'व्यायामाने चष्मा घालवा' अशा जाहिरातींचा तर इथे काही संबंध नाही.

उपचारांबद्दल. भाच्याला पूर्ण नंबरचा चष्मा मिळाला आणि दोन-तीन महिन्यांत डोळा बराचसा सरळ दिसू लागला. मग चांगल्या उजव्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, म्हणजे आळशी डोळ्याला काम करणे भाग. पूर्वी दिवसभर पट्टी लावत. २००३ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात मध्यम कमजोरी असलेल्या मुलांना दोन तास आणि सहा तास यांत फारसा फरक दिसला नाही; त्यामुळे आता पुष्कळ मुलांचे थोड्या तासांत भागते, मात्र किती तास ते डॉक्टरांनीच ठरवायचे. लिहायला सोपे आहे. प्रत्यक्षात पोर पट्टी ओरबाडून काढी, कारण चांगला डोळा झाकला की त्याला जग धूसर होई. बहिणीने युक्ती केली. पट्टी लावली की त्याला तांदूळ निवडायला बसवायचे, खड्यामागे एक गोळी. त्या वर्षी त्यांच्या घरच्या भातात एकही खडा लागला नाही. शाळेत पट्टी लावायला तो तयार नव्हता, आम्हीही आग्रह धरला नाही. 'चकण्या' सुटून 'पट्टीवाला' झाला असता.

ज्यांना चष्म्याने भागत नाही त्यांना शस्त्रक्रिया सांगतात. तिला घाबरू नये. डोळा बाहेर काढून ठेवतात वगैरे वस्तीतल्या गप्पा आहेत. प्रत्येक डोळ्याला हलवणारे सहा स्नायू असतात, त्यांतील एखाद-दुसरा मागे सरकवतात किंवा आखूड करतात, इतकेच.

डाव्या डोळ्याची नजर दीड वर्षात पुष्कळ सुधारली. माशी मात्र त्याला अजून उठलेली दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, तीनाव्या वर्षी आणला असता तर कदाचित वेगळे झाले असते. दोन डोळ्यांनी खोली पाहण्याची शक्ती बाळाला तीन ते पाच महिन्यांच्या वयात येऊ लागते आणि पहिल्या काही वर्षांत ती पक्की होते. आळशी डोळ्याचे उपचार सात वर्षांच्या आत उत्तम लागू पडतात. नंतरही डॉक्टर प्रयत्न करतात, पण फळ कमी. सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत तिरळेपणा आड येतो, हेही ज्या घरांत महार रेजिमेंटचे स्वप्न पाहिले जाते त्यांनी लक्षात घ्यावे.

भाच्याची धाकटी बहीण. तिचा डोळा अडीच वर्षांची असताना वळू लागला. या वेळी बहिणीने कोणाला विचारले नाही, आठवड्यात दवाखाना गाठला. सासूबाई पुटपुटल्या, "पोरीच्या जातीला आतापासून चष्मा, लग्नाला कोण विचारील?" दाजींनी प्रथमच आईला उलट उत्तर दिले. पाच वर्षांची झाल्यावर त्या मुलीला माशीचे चित्र दाखवले तर तिने पंख हवेत पकडले आणि किंचाळली. भाऊ शेजारी उभा होता. त्याने बहिणीकडे पाहिले, मग चित्राकडे पाहिले आणि काही बोलला नाही.

आता तो आमच्या खांद्याला लागला आहे. काठाला टेकवून ओततो, जिना सावकाश उतरतो, क्रिकेटमध्ये धावफलक लिहितो. विहारात डाव द्रोणाला लागला तरी चालतो, असे आम्ही ठरवून टाकले.

आई-बापांनी काय पाहावे? चार-पाच महिन्यांनंतरही बाळाचा डोळा वळत असेल तर थांबू नका. त्याआधी अधूनमधून वळणे पुष्कळ बाळांत असते. काही बाळांचे नाक रुंद असल्यामुळे डोळा नुसता तिरळा भासतो, पण तो निर्णय घरी करू नका. एक हात अंतरावरून लहान टॉर्च दाखवा. दोन्ही बाहुल्यांत उजेडाचा ठिपका एकाच जागी दिसला पाहिजे. एकेक डोळा तळहाताने झाकून पाहा. एक झाकला तर मूल गप्प आणि दुसरा झाकला तर हात ढकलते किंवा रडते, तर समजा की ज्याला झाकू देत नाही तोच त्याचा कामाचा डोळा आहे. मान वाकडी करून पाहणे, उन्हात एक डोळा मिटणे, पेन-टोपण न जुळणे, यांची नोंद ठेवा. बाहुलीत पांढरी चमक दिसली, फोटोतही, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. डोळ्याच्या कर्करोगाची ती खूण असू शकते आणि तिच्यासोबत तिरळेपणाही येतो. मोठ्या मुलाला किंवा माणसाला अचानक दोन-दोन दिसू लागले तरी तसेच.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांतील मुलांची एकदा तपासणी व्हायची असते. पथक आले त्या दिवशी मूल गैरहजर ठेवू नका आणि डोळ्याचे आवर्जून सांगा. मुंबईत जे. जे., केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून, छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीचे औरंगाबाद) घाटी, नागपुरात मेडिकल, इथे नेत्रविभाग आहेत. चष्म्याचा किंवा शस्त्रक्रियेचा खर्च झेपत नसेल तर तेथील समाजसेवा अधीक्षकांना भेटा, लाजू नका. बाहुली मोठी करण्याच्या औषधाने मुलाला दिवसभर, कधी त्याहून जास्त, जवळचे अंधुक दिसते, म्हणून शाळेची परीक्षा पाहून दिवस निवडा. सकाळी लवकर रांगेत उभे राहा, जुना चष्मा आणि जुने कागद सोबत ठेवा. धाकटी भावंडे असतील तर त्यांनाही घेऊन जा. त्यांचा केसपेपर वेगळा काढावा लागतो.